भट्टीचं गाणं

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो. बेकरीत मैदा मळताना कानात फोनची गाणी दिवसभर चालू असतात, आणि दादा मात्र एका तबकडीसाठी टायरच्या जुन्या गोदामात जाऊन बसतो, असं टोचून लिहिलंस. अगं, ऐकतेस ते खरं, पण गाणाऱ्याच्या पदरात त्यातलं काय पडतं? तुझ्या ट्रेच्या तळाशी चुरा उरतो ना, तेवढं. मी गाणं संपलं की पुढे जातो, घोगरीच्या हातून तबकडी विकत घेतो आणि दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास तुटला हेही ऐकवतो. ती मला शिवी हासडते. याला म्हणतात गिऱ्हाईक!

घोगरी म्हणजे आमची गाणारी. आवाज पत्रा कापल्यासारखा, पण काळजात घुसतो. तिने नवं गाणं केलंय. इथल्या ओतशाळेची भट्टी फुटून माणसं जळाली, त्यावर. मालकाने दुरुस्ती टाळली, हे त्यात सरळ म्हटलंय. तेव्हापासून गोदामावर दगड येतात. परवा तिच्या गिटारवाल्याला रस्त्यात धरून बोटं मोडायची धमकी दिली. म्हणून आम्ही काही जण दारात उभे राहतो. माझ्या हातात काय असतं, ते तुझ्या वहिनीला कळवू नकोस. वेल्डरच्या घरात लोखंडाला काय तोटा?

गाणी फुकट ऐक, पण दादाची माया फुकट मिळायची नाही. उत्तर धाडलंच पाहिजेस.

तुझा,
दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी घोगरी ऐकली. फोनवरच ऐकली, डोळे वटारू नकोस. पावाची भट्टी उघडी, समोर लाल जाळ, आणि तेवढ्यात ते गाणं लागलं. हात थिजले. शेजारच्या बाईने ढकललं तेव्हा भानावर आले. तोवर एक ट्रे करपला आणि मालकाने यथेच्छ तोंडसुख घेतलं.

तुझ्या लेखी मी फुकटी. पण तबकडी वाजवायला माझ्याकडे यंत्र नाही, आणि तिथे यायला सुट्टी नाही. मी काय केलं, तर ते गाणं आमच्या पाळीतल्या सगळ्या बायकांना पाठवलं. आता कामाला लागलो की तेच वाजतं, आणि बडबड्या बायका गप्प होतात. तबकडी घेणारेच तेवढे तिचे, आणि आम्ही कोण, वाटेवरचे?

हातात काय असतं ते तू न सांगताच कळलं. दादा, बाबा आठव. रेडिओ मोठ्याने लावलास म्हणून त्यांनी तो उचलून तुझ्या पाठीवर फोडला. मग रडले, मलमही लावलं. पण हात कधी थांबला नाही. तुझा हात त्यांच्यावरच गेलाय, असं आई म्हणायची. गाणं ऐकायला जा, राखणीला जाऊ नकोस.

भांडण विसरशील, पण मला विसरू नकोस.

तुझी,
धाकटी


१७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही, पण सुचेल ते लिहितेय. तुझा दादा जिवंत आहे, हे आधी वाच. तो कोठडीत आहे, हे मग.

रविवारी दुपारी मीही पहिल्यांदाच गोदामात गेले होते. घोगरीने भट्टीचं गाणं धरलं आणि मागचं शटर धाडकन वर गेलं. सळया घेतलेली माणसं आत घुसली. लोक एकमेकांना तुडवत पळाले. ड्रमवाला आपल्या ड्रमवर आडवा पडला, तर त्याची बोटं बुटाखाली चिरडली. हाडांचा आवाज मी ऐकला. घोगरी माइक सोडेना. एका पोरसवद्या माणसाने सळई आडवी धरून तिच्या गळ्यावर हाणली. ती खाली बसली आणि नुसतं तोंड उघडत मिटत राहिली.

तुझा दादा तिच्यापाशी पोचेपर्यंत कुणीतरी त्याच्या कानावर घाव घातला होता. मान रक्ताने भिजलेली. त्याने त्या मुलाची सळई हिसकली. पहिला फटका मारला तो मला पटला, खोटं कशाला बोलू? दुसराही पटला. पण मुलगा पडला, त्याने हात जोडले, तरी तुझा भाऊ मारतच राहिला. जबड्याचा चुरा झाला. मी मागून मिठी घातली तर कोपराने मला झटकलं. माझा पुढचा दात पडला. त्याला ते कळलंही नसेल. शेवटी तिघांनी मिळून आवळलं. तेव्हाही तो ओरडत होता की हिला आम्ही जगवलंय, हिच्या अंगाला हात लावाल तर याद राखा. आणि ती त्याच्याच पायाशी पडली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तोही नाही.

मला त्या मारेकऱ्यांची भीती वाटली नाही गं, त्याची वाटली. तुझा आधार असू दे.

तुझी,
वहिनी


२१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

वि. वि. लिहीत नाही. विनंती करायची ती मागेच करून झाली.

वहिनीचा दात तू पाडलास. ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. बाबांचा तोल गेला की आपण पलंगाखाली शिरायचो, आणि आईचं ओरडणं मला ऐकू येऊ नये म्हणून तू माझे कान झाकायचास. तेच हात का रे हे?

आणखी एक ऐक. गोदामात कुणीतरी फोनवर टिपलेलं आता जिकडेतिकडे फिरतंय. आमच्या बेकरीतही आलं. लोक गाणं पुढे ढकलतात आणि मारामारीपाशी थांबतात. जिला जपायला गेलास, तिचं गाणं तुझ्याच सळईखाली चिरडलं.

राग जाईल तेव्हा जाईल. तुरुंगात जेवत जा.

धाकटी


३० मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद द्यायची लायकी उरली असेल, तर अ. उ. आ.

जामिनावर सुटलो. डाव्या कानाने आता काही ऐकू येत नाही. घरी आलो तर तुझ्या वहिनीने ओठ वर करून जागा दाखवली. मला रडू फुटलं होतं, पण बाबांचं रडणं आठवलं आणि गिळलं. ती आतून कडी लावून झोपते. मी बाहेर झोपतो. तेच रास्त आहे.

घोगरीला भेटलो. ती कुजबुजते फक्त. आवाज परत येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. उजवा कान तिच्या तोंडाशी नेला तेव्हा म्हणाली की तबकडी विकत घेतलीस म्हणजे मला विकत घेतलं नाहीस. मग तिने सांगितलं की मी मारलं तो मुलगा भट्टीत जळालेल्या ओताऱ्याचा आहे. गाण्यातलं चौथं कडवं त्याच्याच बापाचं. ही बाई मेलेल्यांची टिंगल करून पोट भरते, असं ओतशाळेच्या मुकादमाने त्याला पढवलं होतं. गाणं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. पुन्हा माझ्या गाण्याला येऊ नकोस, असं सांगून तिने तोंड फिरवलं. नाही जाणार.

चार दिवसांनी त्या मुलाच्या आईचा निरोप आला. वकील नको नको म्हणत होता, तरी गेलो. वकिलाला वाटतं, जीव वाचवायला मारलं असं मी कोर्टात म्हणावं. मी म्हणणार नाही. पहिल्या दोन फटक्यांनंतर माझ्या जिवाला काही धोका नव्हता.

मुलाचा जबडा तारांनी बांधलाय, नळीने पातळ अन्न जातं. त्याची आई म्हणाली की बापाबद्दल गाण्यात काय आहे ते त्याला ऐकायचंय, पण फोनवर लावलं की सूर सुरू होताच त्याचं अंग आखडतं, कारण त्याच सुरांपाठोपाठ त्याने मार खाल्ला. तेव्हा नुसते शब्द सांगा, आणि तुम्हीच सांगा.

मी स्टुलावर बसून शब्द सांगितले. चौथ्या कडव्यात त्याचा बाप दोघांना दाराबाहेर ढकलतो आणि तिसऱ्यासाठी परत आत जातो. तिथे पोचलो तेव्हा मुलाने माझं मनगट धरलं. नखं रुतली, रक्त आलं. मी हात सोडवला नाही. कडवं संपलं. त्याच्या घशातून एक आवाज आला, माणसाचा वाटेना. आई भिंतीला टेकून उभी होती. मी उठायला लागलो, तर त्याने पकड सैल केली नाही. दुसऱ्या हाताचं बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. पुन्हा, पहिल्यापासून.

लोभ ठेव असं म्हणवत नाही. जमेल तेव्हा ठेव.

तुझा,
दादा