पोळ्याचं वेगळं ताट

अब्बा, काल पोळा झाला आणि दिवसभर तुमचीच आठवण येत राहिली. तुमच्या दाढीत अडकलेला कापूस, पिंजणाचा आवाज, आणि हट्टा गावातल्या आपल्या घरातला निजामाच्या राज्यातला तो एक पोळा. हैदराबादेत दीनची तालीम घेऊन, मौलवी होऊन मामू पहिल्यांदाच आपल्याकडे आले होते, तो.

मामू तसे गोड माणूस, पण अम्मा आपल्या या भावाला भलतीच घाबरायची. शेजारच्या काकूंकडून दर पोळ्याला पुरणपोळीचं ताट यायचं. ते त्या वर्षी मामूंसमोर येणार म्हणून सकाळपासून तिचा जीव खालीवर. शेवटी तिनंच विचारलं, दुसऱ्यांच्या सणाचं खावं का? मामू हसले. "शेजाऱ्याचा तोहफा काहून परत करायचा? गोश्त असलं तर कोणी कापलं ते बघावं. गोडाधोडाला हरकत न्हाई. फक्त देवापुढं ठेवलेलं आपल्याला जायज न्हाई." झालं! अम्मानं कपाळाला हात लावला. आता हे काकूंना विचारायचं कुणी? इतकी वर्षं खाल्लं आणि आज आमच्या हाताला नावं ठेवता, असंच त्यांना वाटणार. काकू म्हणजे अम्माची बहीणच. माझ्या जन्माच्या वेळी आधी त्या धावल्या, मग दाई आली. एका ताटापायी हे नातं तुटतं की काय, या धास्तीनं अम्मा पीठ मळता मळता रडायलाच लागली.

तुम्ही मात्र पिंजण खाली ठेवलं, उठलात आणि कुडावरून सरळ विचारून मोकळे झालात. मी तुमच्या मागंच उभी आहे. काकू पदर सावरतात, आधी तुमच्याकडं बघतच राहतात. "आजच काहून विचारून राहिले भाऊ? तुमचं ताट मी निवदाच्या आधीच काढून ठेवते. नवी नवरी व्हते तवाच सासूबाईनं सांगितलं, त्यायचं आधी काढत जाय." अब्बा, नैवेद्य होईपर्यंत त्यांच्या घरात लेकराला पुरणाचं बोटसुद्धा चाटू देत नसत. आपल्यासाठी त्या घरचा नियम दर वर्षी मोडत होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता! अम्मा डोळे पुसून पुन्हा कामाला लागली.

संध्याकाळी ताट आलं. तुम्ही दुधात पोळी कुस्करून पहिला घास तोंडात घातला, तोच काकू दारात. धापा टाकत, हातात दुसरं ताट. "थांबा भाऊ, खाऊ नका! आमच्या ह्यायनं घाईत तुमचंच ताट बैलापुढं ठेवलं, ओवाळलं, आन् मी येडी तेच घेऊन आले. बिनपूजेचं हे बघा, फळीवरच राहिलं!"

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण सण अर्धा टाकून, बैल दारात उभे ठेवून, आपला धर्म राखायला त्या धावत आल्या. आजही ते आठवलं की मला भरून येतं. अम्मा त्यांच्या गळ्यात पडली. तुमचा गाल फुगलेला, डोळे मामूंकडं. "नकळत झालं, माफ आहे. थुंका आणि चूळ भरा," मामू म्हणाले. तुम्ही पाठ फिरवून अंगणात गेलात आणि आलात ते ओठ पुसतच. थुंकलात की गिळलंत, हे अम्मानंही कधी विचारलं नाही. पहिलं ताट काकूंच्या बैलांनी फस्त केलं आणि दुसऱ्यावर मामूंनी असा हात मारला, की आपल्या वाट्याला नुसती कटाची आमटी आली.

पुढं रझाकारांच्या धामधुमीच्या सालातही ते ताट चुकलं नाही. मी लग्न होऊन गावातच राहिले, तर ते माझ्याही घरी यायला लागलं. काल काकूंची नातसून घेऊन आली. "आत्या, आधीच काढलेलं हाय बरं," ती म्हणाली.

मामूंचं सांगणं मी आजवर पाळत आलेय, अब्बा. डॉक्टरांचं नाही. साखरेच्या दुखण्यापायी त्यांनी गोड बंद केलंय, आणि काल मी दोन पोळ्या खाल्ल्या, वर तूप घालून. तुम्ही हयात नाही, म्हणून हे पत्र पाठवता तर येत नाहीच; आता घरात ठेवायचीही सोय नाही. मुलाच्या हाती लागलं तर पुढच्या पोळ्याला तो ताट अडवायला दारातच उभा राहील.