अकराशे नारळांची पेटी

॥ श्री ॥

२३ सप्टें. ९६, सोम.

पेटी दुरुस्त होऊन आली.
भाता नवा – १६०
सूर घासून मिळवणे – ६०
रिक्षा – १२ (आठच होतात. पेटी बघून वाढवले.)
पेटीपुढे फोडायला नारळ – ७

पट्ट्या साफ केल्याचे गफूरभाईंनी घेतले नाहीत. "ह्या दुकानातलं शेवटचं काम हाय ताई, राहू द्या." दुकान बंद करून शेवगावला मुलीकडे चालले, कायमचे. पत्ता लिहून घेतला. सात वर्षांपूर्वी पेटी त्यांच्याकडूनच घेतली, तिला दुसऱ्याचा हात कधी लागला नाही. आता कोणाकडे न्यायची?

पट्ट्यांवरची फळी काढून माझी चिठ्ठी दाखवली. आत चिकटवलेली, जशीच्या तशी. अकरा जणींची नावं, खाली माझं अक्षर – "देवीच्या ओटीच्या अकराशे नारळांतून मंडळाने ही पेटी घेतली. चुकले असेल तर आईने पदरात घ्यावे." म्हणाले, ठिवू का काढून देऊ? ठेवा म्हटलं. फळी बसवली.

सं. शकूताईच्या ओट्यावर सराव. पेटी नव्यासारखी बोलते.

२९ सप्टें., रवि.

अण्णा आले होते. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, पाच वर्षांत घरी यायची दुसरी वेळ. पहिली मतं मागायला. नगरपालिकेचं महिला सांस्कृतिक केंद्र पुरं झालं, २ तारखेला उद्घाटन, पहिलं भजन आपल्या मंडळाचं. पुढे सरावही तिथेच, भाडं नाही. "आणि वहिनी, पेटी आदल्या दिवशी द्या. स्टेज सजवायचं आहे. जीप पाठवतो."

शकूताई मागून आली होती. ती लगेच, "हितं वट्यावर अकरा बाया मांडीला मांडी लावून बसतोय. जागा मिळती तर न्हाई कशाला म्हनायचं?"

हेही म्हणाले, देऊन टाक. ह्यांच्या पतसंस्थेत अण्णा संचालक आहेत.

१ ऑक्टो.

जीप आली. पेटी जुन्या सतरंजीत बांधून, उदबत्ती ओवाळून दिली.

२ ऑक्टो., बुध.

शांत डोक्याने लिहायचं ठरवलं होतं. जमत नाही.

स्टेजवर मधोमध टेबल, वर लाल कापड झाकलेलं. पेटी कुठे दिसेना. शकूताईने दोनदा विचारलं, "पेटी कुटंय वो?" येईल येईल म्हणाले. भाषणं झाली. मग निवेदक म्हणाला, भगिनींच्या सेवेसाठी अण्णांच्या वतीने भजनी मंडळास एक हार्मोनियम सप्रेम भेट. कापड ओढलं.

आमची पेटी.

डाव्या कोपऱ्यावर उदबत्तीने पोळलेला डाग. माझ्याच हातून पडलेला, मागच्या दत्तजयंतीला. हार घातलेला, पुढच्या बाजूला अण्णांच्या नावाची पितळी पाटी. "स्वीकारण्यासाठी मंडळाच्या चिटणीस" म्हणून माझं नाव पुकारलं. मी गेले. पाय का गेले, ते मलाच माहीत नाही. समोर पेटी आली की आधी तिच्यावर डोकं टेकायचं ही सात वर्षांची सवय. टेकलं. अण्णा पेटीच्या मागे उभे. फोटोवाल्याने बरोबर तेवढंच टिपलं.

आणि खाली आमच्या दहाही जणींनी टाळ्या वाजवल्या! नंतर विचारलं तर म्हणे, सगळे वाजवत होते.

तीच पेटी वाजवून तिथेच भजन म्हटलं. शब्द तोंडातून येत होते, एवढंच.

४ ऑक्टो., शुक्र.

पेपरात आलं. फोटो मोठा. मी वाकलेली, वर अण्णा हसताहेत, आशीर्वाद दिल्यासारखा हात. खाली छापलंय, "भेट स्वीकारताना भारावलेल्या चिटणीस". भारावलेल्या!

किराणावाले शेटजी: "काकू, फोटो झकास आलाय. अंक ठेवलाय तुमच्यासाठी." घेतला नाही. मग घेतला. पुरावा म्हणून.

दु. केंद्रावर गेले. पेटी कपाटात, कुलूप. किल्ली अण्णांच्या मेहुण्याकडे. शिपाई भला माणूस, त्याने लांबून दाखवली. पाटीला चार स्क्रू मारलेत. सागाच्या लाकडात चार भोकं. देवघरातल्या मूर्तीला कुणी खिळा मारावा तसं झालं मला.

रजिस्टर मागितलं. नव्या वहीच्या पहिल्याच ओळीवर – "हार्मोनियम, नग १, देणगी, मा. नगरसेवक". शिक्का. सही. पंचवीस वर्षं घरातली वही लिहिते, पाव किलो शेंगदाणे चुकीच्या तारखेला पडले तर रात्रभर टोचतं. आणि हे लोक शिक्क्यानिशी खोटं लिहितात, वर सहीखाली रेघ ओढतात.

शिपाई म्हणाला, "ताई, आता ती बाहेर न्यायला ठराव लागतो."

आमची पेटी आमच्या घरी आणायला ठराव!

हे म्हणाले, जाऊ दे, वाजवायला मिळते ना. जेवण वाढलं. ताट जरा आपटूनच.

७ ऑक्टो., सोम.

शकूताईला घेऊन अण्णांच्या ऑफिसात. तासभर बाकावर बसवलं. आत गेल्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं, वहिनी वहिनी चाललं होतं.

"अहो, पेटी तुमचीच आहे. फक्त कागदावर जरा..."
"मग कागदावर आमचं घाला."
"पावती आहे का?"

नाही. तिथेच मी मेले. रोजच्या दुधाची नोंद ठेवणारी बाई, आणि पेटी घेताना पावती मागायचं सुचलं नाही. गफूरभाईंकडून पावती मागणं म्हणजे विश्वास नसल्यासारखं वाटलं होतं. म्हटलं, पावती नाही, वही आहे.

"कशाची वही? नारळांची?" हसले. शेटजींनी सांगितलेलं दिसतं. नारळ त्यांनीच घेतले होते, आणि ते अण्णांच्याच पॅनेलचे. "वहिनी, मला तुमची काळजी वाटते हो. ओटीचे नारळ दुकानात विकले, तेच नारळ पुन्हा देवळात गेले, हे गावभर झालं तर शोभेल का? तुमच्यासारख्या देवभोळ्या बायकांना?"

आवाज इतका मऊ, की मारावंसं वाटलं. देवा, क्षमा कर. पण वाटलं.

रस्त्याने शकूताई तरातरा पुढे. माळीवाड्याच्या कोपऱ्यावर उभी राहिली, "ह्याच्या त्वांडात..." आणि पुढचं बाहेर येऊ नये म्हणून स्वतःच्याच तोंडात पदराचा बोळा कोंबला.

८ ऑक्टो.

आज एवढंच लिहायला बसले आहे. जे केलं ते.

वास्तुशांत, बारसं, सत्यनारायण, जिथे भजनाला जाऊ तिथे घरची बाई ओटी भरायची. खण, तांदूळ, नारळ. पैसे आम्ही घेत नव्हतो. एकेकीच्या घरी पंधरा-वीस नारळ साठायचे, कोंब फुटायचे, सडायचे. पेटी घेऊ असं मीच सुचवलं. शेटजी नारळामागे दोन रुपये द्यायचे, आणि पाचला विकायचे. दर वेळी विकण्याआधी नारळ देवीच्या पायाला लावायचे, नाव घेऊन माफी मागायचे. पाच वर्षं. अकराशे नारळ. एकही आमच्या पोटात गेला नाही, एकाचीही चटणी वाटली नाही. पण ओटी विकत नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून तर गफूरभाईंकडून चिठ्ठी आत चिकटवून घेतली. माणसांना दिसू नये, आईला दिसावी.

चूक माझी. पण चूक माझी म्हणून पेटी त्याची होत नाही.

१० ऑक्टो., गुरु.

सगळ्या जमल्या. लीलाबाई आमच्यात थोरल्या, त्यांचं म्हणणं, सोडून दे बाई. त्यांचा जावई सुप्याला कारखान्यात लागतोय, अण्णांच्या चिठ्ठीवर. त्या ते लपवत नाहीत, एवढं खरं. "माझी लेक दोन वर्षं माहेरी बसलीय गं. पेटीपायी तिचं का मोडू?" मला त्यांच्यावर राग काढता येईना. म्हणून जास्तच राग आला.

बाकीच्यांना नारळाची भीती. सासू काय म्हणेल, ज्यांच्या ओट्या घेतल्या त्या काय म्हणतील. शकूताई उसळली, "आपन काय नारळ इकून लुगडी घेतली? पेटीच घेतली ना, देवापुढंच वाजवली ना? मंग कसली लाज? लाज त्येला पायजे, पाटी ठोकनाऱ्याला!"

हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूने चार, मी धरून पाच. सहा नकोच्या.

१३ ऑक्टो., घटस्थापना

माळीवाड्यात देवीपुढे भजन, पेटीशिवाय. नुसते टाळ. दुसऱ्याच पदाला सूर कुठल्या कुठे गेला. लीलाबाईंनी वर ओढला, बाकीच्या खालीच. मागे पोरी हसल्या. लीलाबाई मधेच थांबल्या आणि देवीकडे बघत राहिल्या.

१६ ऑक्टो., बुध.

पेपरच्या कचेरीत गेले. चष्मेवाला मुलगा, नीट वागला. "मावशी, पुरावा आणा, मी छापतो." समोर दसऱ्याच्या अंकाचं पान पसरलेलं, पूर्ण पान अण्णांच्या शुभेच्छा. माझी नजर गेली ते त्याने पाहिलं. पान उलटं घातलं.

"असा पुरावा आणा, की मला नाही म्हणता येणार नाही," म्हणाला. ते बरं बोलला.

पुरावा आहे. कुलपाच्या आत, पट्ट्यांवरच्या फळीखाली.

१७ ऑक्टो.

ह्यांना मॅनेजरने बोलावलं. पाथर्डी शाखेत माणूस कमी आहे म्हणे. इतकी वर्षं कमी नव्हता.

घरी येऊन चप्पल काढली, पाणी प्यायले. मी वाट बघत होते, आता ओरडतील. मीच आधी म्हटलं, ओरडा एकदाचं.

म्हणाले, "पाथर्डीला एस.टी.चा पास निघतो का बघतो."

मी भाजी निवडायला घेतली.

२० ऑक्टो., खंडेनवमी

आज हत्यारं, अवजारं, वाद्यं पुजायची. सात वर्षं पेटी पाटावर मांडते, झेंडूची माळ, समोर निरांजन. ताट घेऊन केंद्रावर गेले, पाच जणी. शिपायाने हॉल उघडला, कपाटाची किल्ली नाही. मेहुण्याला निरोप पाठवला, उत्तर आलं, साहेब बाहेरगावी.

कुलुपालाच हळदकुंकू वाहिलं. फूल कडीत खोचलं. पितळी कुलूप, लिंबाएवढं.

शकूताई: "आता कुलपाची आरती म्हना."
हसलो. पाचही जणी, त्या रिकाम्या हॉलमध्ये, वेड्यासारख्या. मग कोणीच हसेना.

निघताना दारात लीलाबाई. हातात त्यांचंही ताट. "मी मत बदललं नाही हं," म्हणाल्या. आत जाऊन कुलुपाला फूल वाहून आल्या.

शिपायाने जाताना सांगितलं, कोजागिरीला केंद्रात अण्णांचा दूध-कार्यक्रम. गाणं आहे. पेटी बाहेर निघणार.

२१ ऑक्टो., दसरा

सोनं द्यायला अण्णांचा माणूस आला. घेतलं. देवाचं पान आहे, त्याला कशाला नाही म्हणू? "वहिनी, कोजागिरीला या." येणार म्हटलं. नक्की येणार.

देवीपुढे बसले. नारळांचं मीच सांगणार, माझ्या तोंडाने, सगळ्यांपुढे, त्याने सांगायच्या आधी. ज्यांनी ओट्या भरल्या त्यांची माफी मागणार. मग त्याच्याकडे काही उरत नाही. राग गेलेला नाही. जाऊ नये अशीच प्रार्थना केली, निदान शनिवारच्या कोजागिरीपर्यंत.

२२ ऑक्टो., मंगळ.

शेवगावला कार्ड टाकलं. नक्कल इथे ठेवते.

"गफूरभाई, स. न. वि. वि.

पेटीची हकिगत तुमच्या कानावर आली असेल. पेटी नगरपालिकेच्या कपाटात आहे, तिच्यावर दुसऱ्याचं नाव ठोकलंय. ती आमची, एवढं सांगणारे जगात दोनच. एक आतली चिठ्ठी, दुसरे तुम्ही.

शनिवारी कोजागिरीला पेटी स्टेजवर येईल. मी उभी राहून नारळांची गोष्ट सांगणार आहे. त्यानंतर फळी उघडायची ती तुम्हीच. माझ्या हातून पट्टी तुटेल, आणि दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही.

एक विचारायचं आहे. पाटीचे चार स्क्रू लाकडातून आत गेले असतील, तर चिठ्ठी फाटली असेल का? ती चिकटवली तुम्हीच, पुढच्या लाकडापासून किती आत आहे ते नेमकं तुम्हालाच ठाऊक.

तुम्हाला अण्णांच्या कार्यक्रमात येणं जड जाईल, हे कळतं मला. उद्या तुमच्यावरच चोरीचा आळ घेतील, तेही करतील. यायचं नसेल तर तसं लिहा. राग धरणार नाही, राग दुसरीकडे पुष्कळ आहे. येणार असाल तर बारीक पेचकस आणा. जाण्यायेण्याचं भाडं माझ्याकडे, जेवण आमच्याकडे.

जोडकार्ड पाठवलं आहे. उत्तराच्या अर्ध्यावर माझा पत्ता मीच घातलाय, तुम्ही नुसतं 'येतो' किंवा 'नाही' लिहून टपालपेटीत टाका. उलट टपाली कळवा. दिवस चारच उरलेत."