अव्वाच्या टॅबमधली चित्रं

अर्धांगवायूनं वाचा गेल्यापासून चंद्रव्वा टॅबवर बोलायच्या. लेक सिद्धेश्वरीनं त्यात चित्रं भरून दिली होती. चित्रावर बोट ठेवलं की टॅब मोठ्यानं वाक्य म्हणायचा. त्या सकाळी टॅबखाली मुलानं लिहिलेली चिठ्ठी होती.

"अव्वा,

मी चिंचोळीला कामावर चाललोय. आंबील थर्मासमधी हाय, डाव्या हातानं घेता येतंय तुला.

काल पाहुण्यांसमोर तू 'मला बार्शीला लेकीकडं न्या' हे चित्र दाबलंस. मी थांब म्हणलो तरी परत दाबलंस. माझ्या सासऱ्यांनी ऐकलं. आमी काय उपाशी ठेवतो का तुला?

म्हणून जादा चित्रं काढून टाकलीत. पाणी, संडास आणि दुखतंय, एवढी ठेवलीत. तेवढ्यात माणसाचं भागतं की. सिद्धीचा व्हिडिओ कॉल पण बंद केलाय. तुझं तोंड बघून ती रडत बसती, तिला तिचा संसार हाय.

रागावू नको. चित्रं कमी असली की तुझा गोंधळ पण व्हायचा न्हाय.

प्रभुलिंग"

चंद्रव्वांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग टॅब मांडीवर ओढला आणि शोधून शोधूनही बार्शीचं चित्र कुठं सापडेना, तेव्हा 'दुखतंय'वर बोट ठेवलं.

रिकाम्या घरात टॅबनं विचारलं, "कुठं दुखतंय?"

खाली डोकं, पोट आणि पाय अशी तीन चित्रं आली. चंद्रव्वांचं बोट तिन्हींवरून फिरलं आणि तसंच अधांतरी राहिलं.