चोवीस नट

प्रिय शेखर,

आशीर्वाद शेवटी लिहितो. आधी एवढंच, की हे पत्र आईच्या डब्याच्या पिशवीतून आलं म्हणून तिच्यावर रागावू नकोस. यात काय आहे ते तिला ठाऊक नाही. मी माफीनामा लिहिलाय असं धरून चालली आहे बिचारी, आणि त्या आनंदात खोबऱ्याच्या वड्या केल्यात. पिशवीच्या तळाशी एक जड पुडकं आहे, ते पत्र वाचून झाल्यावर उघड. तू माझा फोन उचलत नाहीस त्याला आज बारा दिवस झाले. रिटायर झाल्यापासून मी सही आणि डायरीतल्या आकड्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर लावून घे.

तुझी गाडी आली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. सात माणसांची एवढी थोरली गाडी आपल्या घरात कुणी घेतली नव्हती. पण सासऱ्यांच्या द्राक्षबागेत दर रविवारी जाऊन जाऊन दोन महिन्यांत तिच्या दोन चाकांना पोचे आले. दिंडोरीकडचा तो रस्ता, म्हणजे रस्ता म्हणायचं आपलं, नुसता दगडगोटा आणि मधे ओहोळ. तू जेवता जेवता म्हणालास, की आप्पा, दणकट चाकं घ्यायला हवीत, पण फार महाग नकोत. तू सहज बोललास. मी काही ते सहज घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून स्कूटर काढली आणि द्वारका, मुंबई नाका, सातपूर, अंबड, चाकांचं एकही दुकान सोडलं नाही. कुठलं चाक किती वजन पेलतं, मधलं भोक केवढं, टायर आत घासेल का, सगळं डायरीत लिहून काढलं. शेवटी साध्या पत्र्याच्या काळ्या चाकांवर येऊन थांबलो. दिसायला टेम्पोसारखी, कबूल. पण दगडावर आपटलं तर पत्रा वाकतो, आणि वाकलेलं चाक खेड्यातला मिस्त्रीसुद्धा ठोकून सरळ करतो. अलॉयचं ओतीव चाक तडकलं की माणूस तिथेच अडकला. शिवाय किंमत निम्मी. कविता पाठ झालेलं पोर गुरुजींची वाट बघतं तशी मी तुझी वाट बघत होतो.

आणि तू आलास तो सांगत, की चाकं ठरलीसुद्धा. खंडेरावांनी बघितली, त्यांच्या ओळखीच्या दुकानात मागच्या वर्षीचा माल स्वस्तात पडून होता, जाड काठाची काळी अलॉय, शनिवारी बसवायची. तुझ्या सासऱ्यांनी मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले आणि ते जाणकार झाले. मी एसटीच्या पंचवटी डेपोच्या टायर सेक्शनमध्ये एकतीस वर्षं काढली, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी डायरी उशीखाली सारली आणि जेवलो नाही. आईला सांगितलं, पोट बिघडलंय.

मला जळजळ होते, शेखर. आता लिहायला बसलोच आहे तर स्पष्ट लिहितो. तुझं लग्न झाल्यापासून होते. खंडेराव माणूस वाईट नाही, तीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. ते डोक्याला ती गोल टोपी घालतात, आपल्या जीपमधून हसत येतात, द्राक्षांची पेटी आणतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. रुद्र आणि जिया त्यांना जीपवाले आजोबा म्हणतात आणि मला नुसतं आजोबा. लहानपणी तू माझा डबा घेऊन डेपोत यायचास, टायरांच्या चळतीवर चढून बसायचास. मी तुझ्या हातात छोटी हातोडी दिली होती. तू गाडीभोवती फिरून एकेका नटावर टक टक करायचास. घट्ट नट खणकन वाजतो, सैल नट बद्द वाजतो, एवढं तुला सातव्या वर्षी कळत होतं. ड्रायव्हर लोक तुला मुद्दाम विचारायचे, काय साहेब, सोडू का गाडी? आणि तू माझ्याकडे बघायचास. तेव्हा चाकातलं कळणारा माणूस तुला जगात एकच माहीत होता.

शनिवारी नवी चाकं बसवून तू गाडी दारात आणलीस. पूजा झाली. नारळ खंडेरावांनी फोडला, फोटो त्यांचा निघाला, आणि चाकाखाली लिंबं ठेवायचं काम माझ्याकडे आलं. खाली वाकलोच होतो, तर म्हटलं बघून घेऊ काय दिवे लावलेत. खोट शोधायलाच बघितलं मी. काठ बघितला, मागून कोरलेला वजनाचा आकडा बघितला, मधलं भोक बघितलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तुला सांगू, मला इतकं वाईट वाटलं, की जणू माझंच काही चोरीला गेलंय. आणि मग नटांकडे लक्ष गेलं.

नीट समजून घे. तुझ्या कंपनीच्या चाकांचे नट बुडाशी सपाट आहेत, खाली वायसर असलेले. या नव्या चाकांची भोकं आत निमुळती होत जातात, त्यांना निमुळत्या तोंडाचेच नट लागतात. दुकानातल्या फिटरने जुनेच नट परत पिळून दिले होते. असा नट भोकात बसत नाही, नुसता काठावर टेकतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पन्नास-शंभर किलोमीटर गेलं की हळूहळू फिरायला लागतो. ही चूक खंडेरावांची नव्हती. पण मी लिंबू ठेवून उठलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, खंडेरावांनी मोठ्या आशेने विचारलं, कशी आहेत चाकं, आणि मी म्हणालो, छान आहेत.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला निघालात. तू, तेजस्विनी, दोन्ही मुलं, खंडेराव, विहीणबाई आणि तुझी आई, झाले सात. खंडेराव म्हणत होते, मोतीरामभाऊ, तुम्ही या, मी घरी थांबतो. त्यांचा तो चांगुलपणा मला सहन झाला नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून मी राहिलो. गाडी वळली, आईने मागच्या खिडकीतून हात केला. दहा मिनिटं खुर्चीत बसलो असेन. मग चाकाचा पाना पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली. त्र्यंबक रोडला तुम्ही कुठल्या मिसळीला थांबता ते मला माहीत होतं.

गाडी बाहेर आंब्याखाली उभी होती, तुम्ही सगळे आत. मी पाना लावला. पाच नट अर्धा अर्धा वेढा ढिले झाले होते. एवढ्याशा अंतरात! सगळे आवळले. जियाच्या नेलपॉलिशची बाटली माझ्या खिशात होती, आदल्या दिवशी झाकण उघडेना म्हणून तिने दिलेली. त्या गुलाबी रंगाने प्रत्येक नटावरून चाकावर एक सरळ रेघ ओढली, डेपोत पिवळ्या रंगाने ओढायचो तशी. नट फिरला की रेघ तुटते, लांबून कळतं. शेवटच्या चाकाचा एक नट मी पूर्ण काढला होता, आतलं भोक किती खरवडलंय ते बघायला. तेवढ्यात तू रुद्रचा स्वेटर न्यायला बाहेर आलास. माझ्या एका हातात पाना, दुसऱ्या हातात तुझ्या गाडीचा नट.

तू म्हणालास, "आप्पा, तुम्ही इतके खाली उतराल असं वाटलं नव्हतं."

मागून खंडेरावही आले होते. त्यांनी मान खाली घातली. तू नट आणि पाना माझ्या हातातून घेतलास, नट स्वतः बसवलास आणि आत निघून गेलास. मला एक वाक्य बोलायचं होतं, की मी ढिले करत नाही, आवळतोय. ते माझ्या तोंडातून का आलं नाही, याचा तू बारा दिवस विचार करत असशील. मी ते बोललो असतो तर तुझा पुढचा प्रश्न असता, तुम्हाला कधी कळलं? आणि मला म्हणावं लागलं असतं, काल, लिंबू ठेवताना.

तर हे असं आहे. मी तुझे नट सैल केले नाहीत. पण ते सैल होणार हे माहीत असून मी रात्रभर गप्प बसलो. चाक निखळून कुणाला काही व्हावं असं मनात नव्हतं, देवाशपथ. रस्त्यात चाक खडखडावं, तू गाडी बाजूला घ्यावीस, खंडेरावांचं तोंड एवढंसं व्हावं, आणि तू मला फोन करावास, आप्पा, या जरा. एवढंच हवं होतं. त्या गाडीत तुझी आई होती, जिया होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र मी एकटाच होतो, पाना घेऊन येणारा. तू मला जितका खाली उतरलेला समजलास त्यात फार चूक नव्हती, फक्त दिवस चुकला होता.

हे सगळं मी माझ्याबरोबरच नेलं असतं. पण काल गुरुवारी तेजस्विनी जियाला सोडायला आली. ती फाटकातून गाडी मागे घेत होती तेव्हा मला मागच्या डाव्या चाकावर तीन रेघा तुटलेल्या दिसल्या. आत जाऊन पाना आणेपर्यंत ती गेली होती. तुला फोन केला, तू कट केलास. तिला केला, तिने ऐकून घेतलं आणि संध्याकाळी तुझा निरोप कळवला, की बाबांची चाकं आप्पांच्या डोळ्यात खुपतात हे सगळ्यांना कळलंय, आता पुरे. बरोबर आहे तुझं, जळणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार. म्हणून हे पत्र. परवा रविवारी तुम्ही सातही जण सापुताऱ्याला निघताय, पुढे घाट आहे. मी किती जळतो ते सगळं काढून तुझ्यापुढे ठेवलंय, आता लपवायला काही उरलं नाही, तेव्हा उरलेली गोष्ट तरी खरी मान. पुडक्यात चोवीस नट आहेत, निमुळत्या तोंडाचे, तुझ्या गाडीच्याच आट्याचे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. हातोडी घेऊन खाली पार्किंगमध्ये जा आणि एकेक नट वाजव. कान तुझा तयार आहे. मग चोवीसही बदलून घे, पन्नास किलोमीटरनंतर गाडी थांबवून पुन्हा आवळ, आणि जुने नट टाकू नकोस, स्टेपनी जुन्याच चाकाची आहे, तिला तेच लागतील. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. खंडेरावांना मात्र एक सांग. चाकं चांगली आहेत. मी शोधून काढलेल्या पत्र्याच्या चाकांपेक्षा चांगली आहेत. हे एवढं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

सर्वांना आशीर्वाद.

तुझाच, अजूनही जळणारा,
आप्पा