चंद्र दिसेपर्यंतची मॅच

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी क्रिकेटवरून भांडण निघालं की मला तूच आठवतेस. हसू नकोस. एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही, ते मला माहीत आहे. पण घाटकोपरच्या आपल्या मैदानाची कमिटी अजून आहे आणि त्या कमिटीत आता मी आहे. चाळी गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, आपल्याला सातव्या मजल्यावर घर मिळालं. मैदान मात्र वाचलं. त्या मैदानावर गेली काही वर्षं मी बायकांची टेनिस बॉलची स्पर्धा भरवते. आठ-आठ ओव्हरची मॅच, दीड-दोन तासांत खेळ खल्लास. हो, बायकांची! ट्रॅकपँट घालून पोरी असा काही बॉल तडकावतात की तू असतीस तर मॅच संपल्यावर एकेकीची दृष्ट काढली असतीस.

पण बघायला कुणी येत नाही गं. पुरुषांच्या मॅचला भिंतीवर चढून गर्दी, आणि आमच्या फायनलला पोरींच्या घरची चार माणसं आणि एक आजोबा, तेही पेपर वाचत बसलेले. कमिटीने भाड्याने आणलेल्या खुर्च्या तशाच्या तशा परत गेल्या. म्हणून यंदा सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये सरळ सांगून टाकलं, "ह्या वर्षीपण खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर पुढच्या वर्षी बायकांचा कप बंद. तो दिवस पुरुषांना देऊ. मैदान फुकट नाही अडवायचं." हे सेक्रेटरी म्हणजे कोण, आठवतंय का? तिसऱ्या चाळीतला तो उंच, लांबून पळत येऊन बॉल टाकणारा पोरगा. आता साठी उलटली, गुडघे गेले, पण तोरा तोच. मी त्यांना भाऊ म्हणते. माझ्या शेजारी एका टीमची कॅप्टन बसली होती, लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येणारी मुलगी. ती एवढंच बोलली, "मावशी, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळायची सवय झालीये आम्हाला. पण एकदा कुणीतरी बघू दे ना, यार." भाऊंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पंख्याकडे बघत बसले.

मग जी वादावादी सुरू झाली म्हणून सांगू! एक म्हणे रविवारी दुपारी ठेवा, सगळ्यांना सुट्टी. दुसरा म्हणे दुपारच्या उन्हात कोण येतंय, लोक एसी लावून झोपतात. संध्याकाळी ठेवावी तर साडेसातला सिरियल, आणि त्याच वेळी टीव्हीवर मोठी मॅच चालू, ती सोडून आपली कोण बघणार? कुणी म्हणे एका दिवसात चार मॅच नको, दोनच ठेवा, लोकांची भूक राहू दे. कुणी म्हणे वडापाव फुकट द्या. आमच्याकडे मोबाइलवरची जाहिरात बघणारा एक मुलगा आहे, हुशार आहे, पण तोंडाला लगाम नाही. तो म्हणाला, "काकू, रील पायजे, ड्रोन पायजे, डीजे पायजे. लोकांना आता दोन मिनिटंपण धीर नाही." आणि मग एकदम माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा ना, लहानपणी तुम्ही का यायचात मैदानावर? फेवरेट प्लेअर कोण होता तुमचा? त्यातूनच आयडिया मिळेल." समोर भाऊ दिसले, म्हटलं, "हे काय, भाऊंची बॉलिंग बघायला." भाऊ असे लाजले की मीटिंगमध्ये हशा पिकला. हशा ओसरल्यावर भाऊंनी कॅलेंडर पुढे ओढलं. पुरुषांच्या तारखा आधीच टाकून झाल्या होत्या. आमच्या फायनलला एकच शनिवार उरला होता आणि त्या शनिवारी नेमकी संकष्टी. "वाट लागली," तो मुलगा म्हणाला. "अर्धी सोसायटी उपाशी. कोण येणार खाली?"

आणि आई, त्या क्षणी मला तू दिसलीस. मी आठवीत आहे. बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगची पाळी करून तू आली आहेस, पदर अजून कमरेला खोचलेला. खाली मैदानात मंडळाचे पुरुष डोक्याला हात लावून बसलेत, कारण त्यांची चार ओव्हरची स्पर्धा भर दुपारी चालते आणि बघायला मंडळाची दोन कुत्री. तू जिन्यावरूनच ओरडतेस, "काय रे मेल्यांनो, दुपारच्या उन्हात कोण मरूक येतलो तुमची बॅट बघूक?" बाबा वरून तुला गप्प राहायच्या खुणा करतात. गिरणी बंद झाल्यापासून बाबांना चारचौघांत बोलायचंच नको होतं. पण तू कसली गप्प बसतेस! तू खाली जाऊन म्हणालीस, संकष्टीच्या संध्याकाळी ठेवा फायनल, गणपतीतले दिवे लावून. सगळे तुला हसले. तुझं आपलं एकच, "उपाशी माणसाक काय होया? वेळ जावक होयो." स्वयंपाक करून झाकून ठेवलाय, मोदक तयार आहेत, चंद्र काही हाक मारून लवकर येत नाही. घरोघरी माणसं नुसती गच्चीकडे आणि घड्याळाकडे बघत बसतात. त्या वेळात मॅच लावा. मला तेव्हा वाटलं, आपली आई काय बोलतेय! आज वाटतं, बाप रे, आपली आई काय बोलली होती.

गणपतीत हरवलेल्या चपलांची आणि चुकलेल्या पोरांची घोषणा तूच करायचीस, म्हणून माईकही तुझ्याच हातात आला. मशीनच्या आवाजावर आवाज काढायची सवय तुला. जिन्याशी लाकडी स्टूल टाकून तू बसलीस आणि मी तुझ्या पायाशी, पाण्याचा तांब्या धरून. तुला मिडऑन माहीत नव्हतं की स्क्वेअर लेग. "चेंडू गेला टाकीकडे, टाकीवरून पिठाच्या गिरणीत, घ्या, आता दळून आणा!" खेळाडूंची नावं तू घेतलीच नाहीस. "हा आला बघा दुसऱ्या मजल्यावरच्या नळाशेजारच्या वहिनींचा मधला. सकाळपासून आईने दहा हाका मारल्या तेव्हा बहिरा होता, आता अंपायरचं बरं ऐकू येतं!" त्या वहिनी हातातलं टाकून गॅलरीत आल्या. मग त्यांच्या शेजारच्या आल्या, आपल्या पोराबद्दल काय बोलतेय ते ऐकायला. मागच्या चाळीतले लोक संकष्टी पाळत नाहीत, पण त्यांचे दोन पोरगे खेळत होते, म्हणून तू त्यांनाही हाक दिलीस, "उपास आमचा, मॅच सगळ्यांची, या की!" आणि ते आले, आजीला खुर्चीसकट उचलून आणलं. मी मान वर करून बघितलं तर चारी बाजूंच्या गॅलऱ्या भरलेल्या. इतकी माणसं आपल्या चाळीत राहतात हे मला त्या दिवशी कळलं.

आणि शेवटची ओव्हर. भाऊ, म्हणजे तेव्हाचा तो उंच पोरगा, लांबून पळत येतोय, हात वर गेलाय, आणि तू माईकमध्ये ओरडतेस, "थांब रे! बॉल हातातच ठेव! चंद्र इलो!" तो जागच्या जागी थांबला. टाकीमागून चंद्र वर येत होता. अख्ख्या मैदानाने पाठ फिरवली, बॅटवाल्याने बॅट काखेत मारून हात जोडले, अंपायरने टोपी काढली. मग तू माईक उचललास आणि म्हणालीस, "हां. टाक आता." चंद्र दिसला होता, उपास सोडायला मोकळीक होती, घरोघरी पानं वाढायची बाकी होती, आणि कुणी हललं नाही. सकाळपासूनची उपाशी माणसं, म्हातारीकोतारी, सगळी तिथेच, शेवटचा बॉल पडेपर्यंत. तू त्या भरलेल्या गॅलऱ्यांकडे बघत राहिलीस आणि तुला बोलायचं सुचेना. तू, जिला जन्मात कधी शब्द कमी पडला नाही! मग खाली वाकून मला म्हणालीस, "बघ गो बाय, भूक इसारली माणसां."

तर मीटिंगमध्ये सगळे हळहळत होते आणि मी म्हटलं, "भाऊ, संकष्टी मला द्या." भाऊ कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. म्हटलं, "तुम्हाला बॉल टाकता टाकता कुणी थांबवलं होतं, विसरलात?" त्यांच्या आठ्या विरल्या. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईंनी," आणि कॅलेंडरवर त्या शनिवारभोवती स्वतःच्या हाताने गोल केला. त्या जाहिरातवाल्या मुलाला मी सगळं सांगितलं. त्याचंही काही चुकत नव्हतं, लोकांपर्यंत पोचायचं तर आज मोबाइलच पाहिजे. तुझं स्टूल माझ्याकडे अजून आहे. त्याने मला त्यावर बसवलं आणि माझ्याकडून एकच वाक्य बोलून घेतलं, "संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत घरात काय करताय? खाली या, आमच्या पोरी खेळतायत." ते रील सगळ्या विंगच्या ग्रुपवर फिरलं. कॅप्टन पोरगी म्हणाली, "आमच्याकडे संकष्टी नसते, मावशी, पण तुमचा चंद्र येईपर्यंत आम्ही तुम्हाला बोअर नाही होऊ देणार. गॅरंटी."

काल ती संकष्टी झाली. सुरुवातीला तीच चार माणसं आणि पेपरवाले आजोबा. माईक माझ्या हातात. माझा आवाज तुझ्यासारखा नाही, आई. मी गळा साफ केला आणि म्हटलं, "बी विंगमधल्या, अकराव्या मजल्यावरच्या काकूंची धाकटी सून बॅटिंगला येतेय. सकाळी सातला डबे करून ऑफिसला गेली, तिथून थेट मैदानात." थोड्या वेळाने अकराव्या मजल्याच्या खिडकीत लाइट लागला. मग लिफ्टमधून सासूबाई उतरल्या, चटई काखेत मारून! त्यांच्यामागे शेजारणी, शेजारणींमागे त्यांचे कंटाळलेले, उपाशी नवरे. मी एकेकीचं घर सांगत गेले आणि एकेका विंगचा दरवाजा उघडत गेला. दुसरी इनिंग सुरू झाली तेव्हा खुर्च्या संपल्या होत्या. भाऊ स्वतःची खुर्ची एका आजींना देऊन गुडघ्यावर हात ठेवून उभे होते. मी बोलायची थांबले तरी आवाज थांबत नव्हता, कारण आता माणसंच ओरडत होती. मी नुसती बघत बसले. एवढी माणसं कुठून आली, मला सांग ना.

कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ टळून गेली तरी चंद्र दिसेना, नवा टॉवर आडवा येतो ना. शेवटच्या ओव्हरला आमची कॅप्टन बॉल घेऊन धावली, आणि टॉवरच्या कडेला उजेड फुटला. मला दिसला, मी माईक तोंडाशी न्यायला लागले. तेवढ्यात मागून, माईक नाही काही नाही, भाऊंचा फाटका आवाज आला, "थांब गो! बॉल हातातच ठेव! चंद्र इलो!" ती थांबली. मैदान फिरलं. हात जोडले गेले. ज्यांच्याकडे पाळत नाहीत तेही गप्प उभे राहिले. मग भाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी कसंबसं म्हटलं, "हां. टाक आता." कुणी घरी गेलं नाही, आई. एकसुद्धा माणूस गेला नाही.

कॅप्टनची टीम हरली. मला वाईट वाटलं, पण ती आली ती नाचतच, "मावशी, हरताना पण बघितलं लोकांनी!" भाऊंनी बक्षीस देताना पुढच्या वर्षीचीही एक संकष्टी बायकांसाठी राखून ठेवली, तेही माईकवरून, म्हणजे आता त्यांना शब्द फिरवता यायचा नाही. आणि तो मुलगा मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून पुन्हा तेच, "काकू, आता झकास एंडिंग द्या. लहानपणी कुणासाठी यायचात मैदानावर?" माझ्या हातात माईक होता, सगळ्या विंग खाली होत्या, आणि मी पुन्हा भाऊंचंच नाव सांगून मोकळी झाले. भाऊ पुन्हा लाजले.

हे पत्र मी घडी घालून तुझ्या स्टुलावर ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवायची सोय नाही. माईकवरून बोलले असते तर कदाचित तुझ्यापर्यंत पोचलंही असतं, पण एवढ्या माणसांसमोर जीभ रेटली नाही. मला क्रिकेट आवडत नाही गं, आई. तेव्हाही आवडत नव्हतं. त्या संध्याकाळी सगळे चंद्राकडे वळले ना, तेव्हाही मी चंद्र बघितलाच नाही. मी तांब्या धरून तुझ्याकडे बघत होते.