ओवाळायला कोणी उरलंच नाही

सौ. बाय हिला,

पोशेऱ्याहून तुझ्या धाकट्या भावाचा, चंदूचा, वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? पट्टी सुटेपर्यंत वाचायचं नाही, असं दाजींनी कळवलं, म्हणून हे पत्र तुझी निशाच तुला वाचून दाखवील. (निशा, एकही ओळ गाळायची नाही.)

पुढचं शिक्षण पुरे, मामानं समजूत काढावी आणि पाहुणे बघायला येण्याआधी पोरगी घरी धाडावी, म्हणून तू तिला बोहाड्याची सोंगं बघायच्या निमित्तानं माझ्याकडे पाठवलंस. मी समजूत काढायला ओट्यावर बसलो आणि तिनंच माझी काढली. ती म्हणते, विश्व जन्मलं तेव्हा द्रव्य आणि प्रतिद्रव्य जोडीजोडीनं निघालं. दोघं भेटले की दोघंही गुल, मागे नुसता उजेड. हिशेबानं काही उरायलाच नको होतं. तरी चिमूटभर द्रव्य उरलं आणि त्यातून डोंगर, नागली, तू, दाजी (पोटासकट) सगळं झालं. का उरलं, ते कोणालाच ठाऊक नाही. संशय न्यूट्रिनोवर आहे. हा कण इतका हलका, की त्याला वजनच नाही असं शहाणे म्हणायचे, पण निघालं. आरंभी त्याचे कोणी जडशीळ थोरले भाऊ होते, त्यांनीच मरता मरता पारडं आपल्याकडे झुकवलं, असा एक अंदाज. त्याचं खरं-खोटं करायला निशाला पुढं शिकायला जायचंय.

बाय, सोंग चढवलं तरी डोक्यात हेच. आपल्या घराला मान महिषासुराचा, तुला ठाऊकच. सकाळचं कोवळं ऊन, संबळ कुठंतरी लांब वाजतोय, मुखवट्यात माझाच श्वास, आणि ते न्यूट्रिनो माझ्यातून, डोंगरातून, कोणाला धक्का न लावता चाललेत. फार गोड वाटलं गं. एवढ्यात देवीचं सोंग घेतलेला रघु त्रिशूळ घेऊन आला. मी एकट्यानं पडायचं, ही रीत. मी त्याला कडकडून मिठी मारली आणि दोघंही आडवे! समोर कोणीच उभं नाही. सुकीआत्या आरतीचं ताट धरून म्हणाली, "आता ववाळाचा कोनाला?" तेव्हा कुठं मला निशाचा प्रश्न कळला. पंच म्हणतात, तुमचा मान काढून घेऊ. वाईट वाटतं, पण घेवोत.

तुझा,
चंदू

ता. क. पाहुण्यांना एवढ्यात बोलावू नकोस. सगळ्यांचीच जोडी लागली असती तर आज आपण नसतो. एखादी सुटी राहू दे.

ता. क. दुसरा. ती गेली की तुला घर खायला उठेल. मला आत्ताच रडू येतंय. तरी जाऊ दे तिला.

ता. क. तिसरा. निशा, एवढं वाचलंस की पत्र मिट आणि आईकडे बघ. 'जाऊ का?' हे विचारायचं तुलाच आहे. डॉक्टरांनी डोळ्यातून पाणी काढायला मनाई केलीय म्हणे. तेव्हा बाय, हसूनच हो म्हण.