पलटणीच्या एकेचाळीस चाकूंची वाटणी

मी, लालासाहेब बिन कृष्णात निकम, पेन्शनर सुभेदार, वय वर्षे एकसष्ट, राहणार मौजे पिंपरखिंड, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. छातीचे दुखणे आहे, पण ते डोक्यापर्यंत पोचलेले नाही, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, भुलवलेले नाही, दारू पाजलेली नाही. शेवटची गोष्ट कोणी केली असती तर मी नाही म्हटले नसते, पण कोणी विचारले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही. माझ्यामागे खालीलप्रमाणे व्हावे.

कलम १. वडिलार्जित जमिनीतला माझा हिस्सा मी सन १९२१ साली थोरल्या भावाला सोडला, त्याचा कागद ट्रंकेत आहे. आज जे आहे ते सगळे मी कमावलेले : राहते घर, विहिरीकडचे तीन एकर उसाचे रान, एक बैलजोडी, एक म्हैस. हे कोणाला द्यायचे ते माझे ठरले आहे, पण लिहिण्यात अडचण आहे.

माझा एकुलता मुलगा मानसिंग सन १९४२ पासून सिंगापूरकडे बेपत्ता आहे. सरकारी पत्रात तेवढाच एक शब्द आहे. वकिलांनी मला सरळ विचारले, "मुलगा हयात लिहायचा की मयत?" हयात लिहिला तर मिळकत त्याच्या नावाने पडून राहणार, आणि माझा पुतण्या दादासो "मी वहिवाट बघतो" म्हणत घरात पाय ठेवणार. मग माझी सून लीलाबाई हिला आपल्याच चुलीपुढे परक्यासारखे बसावे लागेल. मयत लिहिला तर घर आणि रान लीलाबाईला पक्के करता येते. पण लीलाबाई रोज सकाळी कपाळभर कुंकू लावते. तिच्या कपाळाकडे बघून हा शब्द कसा लिहायचा, हे वकिलांना सांगता आले नाही. म्हणून मी म्हटले, आधी चाकू वाटून घेतो.

कलम २. माझ्या ट्रंकेत एकेचाळीस चाकू आहेत. एक तुर्की सोडला तर हे सगळे शिपायांना पलटणीतून मिळालेले, खिशात मावणारे घडीचे चाकू. एक रुंद पाते, डबा फोडायची चोच, पाठीवर जाड दाभण, आणि कमरेच्या दोरीला अडकवायची कडी. पात्याच्या बुडाशी कारखान्याचे नाव, साल आणि सरकारी बाणाची खूण असते. मुठी बहुतेक शिंगाच्या, काही हाडाच्या, अलीकडच्या लढाईतल्या काळ्या आणि दिसायला दरिद्री. दुकानातला चाकू मी कधी घेतला नाही. ज्याने बाळगला त्याच्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून घेतला, तोही हकिगतीसकट. हकिगत नसेल तर ते नुसते लोखंड, आणि लोखंड आमच्या लोहाराकडे ढिगाने पडलेले आहे. प्रत्येक चाकूला नंबर आहे आणि वहीत त्या नंबरापुढे हकिगत आहे.

गावात याला सुभेदाराचे वेड म्हणतात. माझी पत्नी कै. बनुबाई म्हणायची, "लोकांच्या बायकांना एक सवत आसती, मला चाळीस हायत्या आन समद्या गंजक्या." असे म्हणून ती नऊ नंबरच्या चाकूने चोरून सुपारी कातरायची. तिला वाटायचे मला माहीत नाही. मी तो चाकू तिच्यासाठी मुद्दाम धार लावून ठेवत असे. नऊ नंबर कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर चितेवर ठेवावा.

कलम ३. पहिला नंबर माझा स्वतःचा, सन १९१६ साली बसऱ्याला मिळालेला. या चाकूने मी स्ट्रेचरवरच्या एका जखमी तुर्की शिपायाला खजूर चिरून भरवला होता. त्याने खाऊन झाल्यावर बुटातून आपला चाकू काढून मला दिला. त्याची झडती कोणी घेतली नव्हती, हे तेव्हा मला कळले आणि घाम फुटला. तो दोन नंबर. हे दोन्ही चाकू एका जागी ठेवावेत, वेगळे करू नयेत.

कलम ४. चौदा नंबर शेजारी भाऊसो यांना द्यावा. सन १९३४ साली त्यांनी तो आंब्याचे कलम बांधायला म्हणून नेला आणि टोक मोडून आणला. वर मला सांगितले की तो आधीपासून मोडकाच होता. बारा वर्षे मी ही गोष्ट दर पंधरवड्याला त्यांना ऐकवली आहे. माझ्यामागे ऐकवायला कोणी नसेल, म्हणून चाकूच त्यांच्या घरात असावा. त्या कलमाचा आंबा मात्र गोड आहे, आणि दर उन्हाळ्यात पहिली पाटी माझ्या घरी येते, हेही इथे नोंदवतो.

कलम ५. बावीस नंबर पाचगणीच्या एका गोऱ्या कप्तानाचा. छातीच्या विकाराने तो तिथे येऊन राहिला होता. मी चाकू मागितला तर म्हणाला, बदल्यात तुझी एक हकिगत दे. मी खजुराची दिली. तो इतका हसला की खोकला थांबेना, आणि त्याच्या नर्सने मला हाकलून काढले. हा चाकू शाळेत ठेवावा आणि मुलांना हात लावू द्यावा. आमचे आप्पासो मास्तर मुलांना लांबून दाखवतील, ते चालणार नाही.

मास्तर या कागदाला साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही लिहून दिले तर पुढे भानगड होते, असे वकील म्हणाले, म्हणून त्यांना चाकू नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत.

कलम ६. एकतीस नंबर आटपाडीकडचा मेंढपाळ धुळा याचा. पहिल्या लढाईत तो खेचरांच्या तुकडीत होता आणि या दाभणाने त्याने किती खुरांतले खडे काढले याला गणती नाही. मेंढरे घेऊन इकडे उतरला की तो माझ्या ओट्यावर बसतो, चाकू बघायला मागतो आणि विचारतो, "माजा चाकू बरा हाय न्हवं, सुभेदार?" चाकू दिल्याला अठरा वर्षे झाली, तरी तो 'माझा'च म्हणतो. त्याचे बरोबर आहे. त्याला परत द्यावा.

कलम ७. पुतण्या दादासो याने माझ्या आजारपणात तीन चाकू साताऱ्याच्या बाजारात नेऊन विकायला मांडले होते. ते मी बिछान्यातून उठून, टांगा करून, परत आणले. दादासोला ट्रंकेचे कुलूप द्यावे. किल्ली देऊ नये. त्याच्या बायकोने त्या आजारात मला रोज ताक पाठवले, ती गुणाची आहे, तिला म्हैस द्यावी आणि ती तिच्याच नावाची समजावी.

कलम ८. चाकू देताना कोणी कोणाच्या हातावर ठेवू नये, भांडण लागते. जमिनीवर ठेवावा आणि ज्याचा त्याने उचलावा. मी पलटणीत वीस वर्षे हे थोतांड म्हणत आलो आणि वीस वर्षे पाळत आलो.

कलम ९. आता खंडेनवमीची रीत लिहितो, कारण पुढचे त्यावर आहे.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांबरोबर चाकूंची पूजा होते. सोप्यात घोंगडे अंथरतात. ज्यांचे धनी हयात आहेत ते चाकू उजवीकडे, पाते उघडून. ज्यांचे धनी गेले ते डावीकडे, मिटून. ज्यांच्या धन्याचा ठावठिकाणा नाही ते मधे. मी वहीतून नंबर आणि नाव वाचतो आणि लीलाबाई एकेक चाकू जागेवर ठेवून हळदकुंकू लावते. बनुबाई गेल्यापासून हे काम तिचे. तिला अक्षर येत नाही, पण चाकू ती माझ्यापेक्षा नीट ओळखते.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मानसिंगच्या पलटणीतला नाथाजी, राहणार शिरवळ, कैदेतून सुटून आला आणि भर दुपारी मला शोधत रानात आला. त्याने पटक्याच्या टोकातून एक चाकू सोडला आणि माझ्यासमोर ढेकळावर ठेवला. मी विचारले, "कवा?" तो म्हणाला, "तीन वर्सं झाली. तापानं. म्याच माती दिली." मी त्याला शपथ घातली की घरी काही बोलायचे नाही. त्याला जेवायलाही घरी नेले नाही. एवढ्या लांबून आलेला माणूस माझ्या बांधावरून उपाशी परत गेला, याची मला लाज वाटते.

मानसिंगचा लष्करी नंबर मुठीवर कोरलेला होता, तो मी कानशीने घासून काढला. वहीत लिहिले, 'एकेचाळीस नंबर, धनी माहीत नाही.' माझ्या वहीतली ही एकच खोटी हकिगत आहे. मला वाटले होते, लीलाबाईचे कुंकू मी जेवढे दिवस राखू शकेन तेवढे राखावे. खरे सांगायचे तर मला माझा मुलगा राखायचा होता.

यंदाच्या खंडेनवमीला मी वाचले, "एकेचाळीस. धनी माहीत नाही." लीलाबाईने चाकू उचलला, मिटलेला होता तो तसाच ठेवला, आणि मधे नव्हे, डावीकडच्या ओळीत, शेवटी. हळदकुंकू लावले. माझ्याकडे पाहिले नाही. मी वही मिटली. त्या दिवशी तिने पुरणपोळी वाढली, मी खाल्ली, आणि दोघेही म्हशीबद्दल बोललो.

कलम १०. इथवर लिहून माझा हात थांबला. काल सकाळी मी लीलाबाईला समोर बसवून विचारले, तुला कधी कळले. तिचे बोलणे जसेच्या तसे लिहितो.

"आवं मामंजी, शिरवळचा पलटनीतला मानूस गावात तुमास्नी इचारत रानात आला आन तुमी त्येला जेवाया आनला न्हाई, तवाच वळखलं. ह्या घरातनं कुनी उपाशी गेलं न्हवतं. चाकू तर मागनं बघितला. मुठीचा कोपरा उडालाय न्हवं, धनी रजेवर आलं हुतं तवा त्यो माज्याच हातनं उडालाय, सुपारी फोडताना. तुमास्नी सांगितलं न्हवतं."

मी म्हणालो, "मग कुंकू?"

ती म्हणाली, "तुमी सांगंना. म्हनलं, म्हाताऱ्याच्या मनाची तयारी न्हाई. मी पुसलं आसतं तर तुमास्नी त्ये रोज दिसलं आसतं."

अकरा महिने मी तिला सांभाळतो आहे असे समजत होतो. ती मला सांभाळत होती. मी तिच्यासमोर रडलो. सुभेदार माणसाने ते कागदात लिहू नये, पण मृत्युपत्रात खोटे नको.

मग मी विचारले, कागदात तुझ्या नावाआधी काय लिहू? सौभाग्यवती की गंगाभागीरथी? तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. मग म्हणाली, "कायबी नगो. सुभेदाराची ल्येक लिवा."

कलम ११. माझा मुलगा मानसिंग लालासाहेब निकम हा मयत आहे.

कलम १२. माझे राहते घर, विहिरीकडचे तीन एकर रान, बैलजोडी, आणि वर नावानिशी न दिलेले सर्व चाकू वहीसह, मी माझी मुलगी लीला हिला देतो. तिने ते ठेवावे, कसावे, विकावे, जे वाटेल ते करावे. तिचे वय सव्वीस आहे. तिला पुढे दुसऱ्या लग्नाचा पाट लावावासा वाटला तर तिने लावावा. घर तरीही तिचेच राहील, आणि त्यावर भावकीतल्या कोणी तोंड उघडू नये. वहीतल्या एकेचाळीस नंबरापुढची ओळ मी आज खोडली आहे. खरी हकिगत मला पुरती माहीत नाही. नाथाजीला मी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता. म्हणून त्याला निरोप धाडून साक्षीला बोलावले आहे. या वेळी तो आधी घरात जेवेल.

वर लिहिलेले मी स्वतः वाचले, लीलाला वाचून दाखवले, आणि खाली सही केली.

लालासाहेब कृष्णात निकम, पेन्शनर सुभेदार

मुक्काम पिंपरखिंड, ता. १८ नोव्हेंबर १९४६

साक्षीदार पहिले : आप्पासो रामजी माने, शाळामास्तर. सुभेदारांनी माझ्यासमोर सही केली. माझा रुसवा गेला आहे, हे त्यांच्या आग्रहावरून लिहिले.

साक्षीदार दुसरे : नाथाजी विठू यादव, राहणार शिरवळ. यांना सहीपुरतेच अक्षर येते, म्हणून त्यांचे म्हणणे मी, आप्पासो माने, त्यांच्या शब्दांत उतरवतो :

"सुभेदारानं माज्यासमोर सही केली. मानसिंगला म्या माज्या हातानं माती दिली, त्ये आज लीलाबायला सांगितलं. जागा सांगितली, झाड कंचं हुतं त्ये सांगितलं. तिनं समदं ऐकून घ्येतलं आन येकच इचारलं, त्येंला पानी मिळालं हुतं का. म्या म्हनलं, मिळालं. माज्या हातनं प्याला."